१११ पार्सलं आणि एक चष्मा

गेल्या तीन-चार वर्षांत माझ्याकडं एकच तक्रार इतक्या घरांतून आलीय की आता समोरच्यानं पहिलं वाक्य बोललं की पुढचं मला कळतं. "आम्ही एका पगारात सगळं भागवलं हो मॅडम, पोरांची शिक्षणं केली, घर बांधलं, आणि ह्यांना दोन पगार पुरत नाहीत, रोज दारात कुरिअरवाला, काही बोलायला गेलं की तोंडं फुगतात आणि मग आठ-आठ दिवस अबोला, काय करायचं सांगा." विचारणारे बहुतेक साठीच्या पुढचे असतात. कधी हेच उलट बाजूनं येतं, एखादी सून म्हणते की माझ्या पगारातनं मी शंभर रुपयांची क्लिप घेतली तरी मला दुष्काळाची गोष्ट ऐकावी लागते.

यावर दोन ओळीत उत्तर देता येत नाही, म्हणून एका घराचं सांगते. त्यांना विचारून लिहितेय, आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मी कुटुंबांच्या समुपदेशनाचं काम करते, सांगलीत विश्रामबागला बसते. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर एक गृहस्थ आले, एकटेच. पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात कापडी पिशवी. त्यांना आपण आबा म्हणू. बसले आणि काही बोलायच्या आधी पिशवीतनं एक लांबट रजिस्टर काढून माझ्या टेबलावर उघडून ठेवलं. पट्टीनं आखलेले रकाने होते, तारीख, वेळ, कुणाच्या नावानं, आकार आणि शेवटी शेरा. आकारात लहान, मध्यम, मोठं असं लिहिलेलं आणि शेऱ्यात "परत गेलं", "दारातच फोडलं", "विचारलं असता सांगितलं नाही". अक्षर एकसारखं, कुठं खाडाखोड नाही. सहा महिन्यांत घरात आलेल्या प्रत्येक पार्सलची नोंद होती, शेवटी बेरीज, एकूण १११.

आबांनी सगळी नोकरी साखर कारखान्यात वजनकाट्यावर काढलेली. बैलगाडी असो नाहीतर ट्रॅक्टरची ट्रॉली, भरलेलं वजन, रिकामं वजन, वजा करून ऊस किती, पावती फाडून शेतकऱ्याच्या हातात. पस्तीस-छत्तीस गळीत हंगाम त्या माणसानं हेच केलं, रात्रपाळी, दिवसपाळी. रिटायर झाल्यावर घराच्या दारात बसून दुसरं काय करणार होते ते? मला त्या रजिस्टरचं हसू नाही आलं, वाईट वाटलं. आणि त्याच वेळी मनात हेही आलं की ज्या पोरीच्या नावापुढं हे रकाने भरले जातायत ती त्या घरात श्वास कसा घेत असेल.

"तुम्ही तिला बोलवून जरा समज द्या," आबा म्हणाले.

मी म्हटलं समज द्यायचं काम माझ्याकडं होत नाही, पण सगळ्यांशी बोलायचं असेल तर आपण बोलू, पुढच्या वेळी काकींना घेऊन या.

काकी आल्या. साधारण साठीच्या, हसऱ्या, पण बोलायला बिचकत होत्या. माझं लक्ष त्यांच्या चष्म्याकडं गेलं. उजवी काडी मोडलेली होती आणि ती काळ्या दोऱ्यानं गुंडाळून गुंडाळून बसवलेली, गाठ कानाच्या वर टोचत असणार कारण तिथं त्या मधेमधे बोट घालत होत्या. मी कन्सेंटचा फॉर्म पुढं केला तर त्यांनी तो न वाचताच आबांकडं सरकवला. तेव्हा मी काही बोलले नाही. कागदावर मात्र टिपून ठेवलं.

आबा त्यादिवशी त्यांच्या लहानपणाबद्दल बोलले. मूळ गाव कवठेमहांकाळ तालुक्यातलं, ७२ च्या दुष्काळात ते बारा वर्षांचे. आई-वडील दोघं दुष्काळी कामावर खडी फोडायला, शाळेत सुकडी मिळायची, आणि रेशनवर तो लाल मिलो, म्हणजे बाहेरच्या देशातनं आलेली ज्वारी, त्याची भाकरी थापली की चिरायची आणि घशाखाली उतरायची नाही पण उतरवायची. दोघा भावांचे शर्ट एकाच ताग्यातले, एक मापाचा आणि एक वाढत्या अंगाचा. जुन्या वह्यांतली कोरी पानं काढून दाभणानं शिवून नवी वही. लुगडी विरली की त्यांची वाकळ, वाकळ फाटली की तिचं पायपुसणं. आणि कॉलरचं त्यांनी मला हातानं करून दाखवलं, स्वतःच्या शर्टाची कॉलर चिमटीत धरून. कॉलर घडीवर विरली की ती उसवायची, उलटी करायची, विरलेली बाजू आत घालून परत शिवायची, शर्ट अजून दोन वर्षं जातो. "कुणाला कळत पण नाही मॅडम," म्हणाले आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा काही अभिमान होता की मलाच भरून आलं.

मी विचारलं, ती कॉलर शिवायचं कोण?

"आधी आई. मग ही."

आणि इतका वेळ गप्प बसलेल्या काकी बोलल्या. "काटकसर मी केली, हिशोब ह्यांनी लिहिला."

आबा बघतच राहिले. भांडण म्हणून नव्हतं ते, आवाजही चढला नव्हता. पण मग त्या बोलत राहिल्या. पाहुणे आले की भाजी कमी पडायची तेव्हा मला भूक नाही म्हणणारी कोण होती, दुधावरची साय आठवडाभर साठवून तूप कढवायचं आणि पोरांना वाढून बेरी आपण खायची, दीराच्या लग्नात पाटल्या मोडल्या त्या परत झाल्या का, दिवाळीला सगळ्यांचे कपडे झाले की उरलेल्यात माझं बघू असं तीस वर्षं. हे सगळं त्यांनी मोजल्यासारखं नाही सांगितलं, एकेक आठवेल तसं.

मी जुन्या काटकसरीला नावं ठेवणारी बाई नाही. मी स्वतः त्याच वाकळेत झोपून मोठी झाले. त्या पिढीनं जे केलं त्याला खरंच तोड नाही, वस्तू टाकायच्या आधी तिचा शेवटचा धागा वापरायचा ही अक्कल आपण घालवली याचं मला मनापासून दुःख आहे. पण या कामात बसून एक गोष्ट मी वारंवार पाहिलीय. जुन्या घरात खर्च कमी होता याचं एक कारण असं होतं की घरातलं एक माणूस स्वतःवर जवळजवळ काहीच खर्च करत नव्हतं, आणि ते माणूस बहुतेक वेळा स्वयंपाकघरात असायचं. "आमच्या काळी" म्हणताना ते कोणाला आठवत नाही.

मग मुलगा आणि सून आले. मुलगा कुपवाड एमआयडीसीत एका कंपनीत सुपरवायझर, सून एका शाळेत ऑफिसला, सहा वर्षांची मुलगी. सून आधी दहा मिनिटं नुसती रडली. म्हणाली, कुरिअरवाल्याला मी आता कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ठेवायला सांगते, चोरी केल्यासारखं वाटतं, आबा दारात वही घेऊन बसलेले असतात. मी विचारलं कधी मागवतेस? म्हणाली रात्री अकरा-साडेअकराला, पोरगी झोपल्यावर, भांडी आवरून झाली की तेवढाच वेळ माझा असतो, मोबाईल घेते, बघत बसते, कधी घेते कधी नुसतं बघते.

मोबाईलवर बोट दाबलं की वस्तू येते, पैसे गेले हे जाणवतच नाही. अमेरिकेत एमआयटीतल्या प्रेलेक आणि सिमेस्टर या दोघांनी २००१ साली एक प्रयोग छापला होता, बास्केटबॉल मॅचच्या तिकिटांसाठी लोकांना बोली लावायला सांगितली, निम्म्यांना रोख द्यायचे होते आणि निम्म्यांना कार्डनं, तर कार्डवाल्यांनी जवळपास दुप्पट बोली लावली. आबांच्या वेळी पगाराचं पाकीट हातात यायचं, नोटा मोजून काढून द्यायच्या, पाकीट पातळ झालेलं बोटांना कळायचं. म्हणजे ही पोरगी बिघडलीय आणि आबा साधुसंत होते असं काही नाही, एका बाजूला पैसा जाताना टोचत होता आणि दुसऱ्या बाजूला ते टोचणंच काढून टाकलंय, तेही मुद्दाम, विकणाऱ्याच्या सोयीसाठी.

मी सुनेला म्हटलं ॲपमध्ये सगळ्या ऑर्डर दिसतात ना, आपण बेरीज करू. आबांच्या रजिस्टरला समोर ठेवून केली. १११ पैकी २६ परत गेलेली. राहिली ८५. लेकीचे फ्रॉक, डबे, शाळेचं सामान, केसाच्या क्लिपा, एक काकींच्या गुडघ्याचा पट्टा, सगळं मिळून सहा महिन्यांत ३१ हजार. म्हणजे महिन्याला पाच हजाराच्या वर. ती स्वतःच गप्प झाली, तिला वाटत होतं दोन-अडीच हजार असतील. १४ हजार पगारात हे जास्तच आहे, मी तसं स्पष्ट बोलले तिच्याशी.

पण या सगळ्या वेळात मुलगा खाली बघत होता. एकदा पण बायकोची बाजू घेतली नाही, एकदा पण वडिलांची नाही. असं माणूस गप्प बसलं की मला काळजी वाटते. पुढची वेळ मी त्याला एकट्याला दिली.

त्यानं सुरुवात महापुरापासून केली. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, सांगलीकरांना हा आकडा सांगावा लागत नाही. यांचं घर गावभागात, नदीजवळच्या जुन्या सांगलीत. आठवडाभर नातेवाईकांकडं काढून परत आले तेव्हा फ्रिज उलटा पडलेला, पलंग फुगलेला, भिंतीवर छातीएवढ्या उंचीला चिखलाची रेघ. आणि काकींची लोखंडी ट्रंक. त्यात त्यांनी "चांगल्याला" म्हणून ठेवलेलं सगळं होतं, घडी न मोडलेल्या साड्या, माहेरनं आलेलं स्टीलचं सामान, खोक्यातनं न काढलेला मिक्सर. साड्या एकमेकीला चिकटून त्यांचा एक गठ्ठा झालेला.

त्या एका ट्रंकेवरनं या घरातली माणसं तीन दिशांना गेली. मला हे त्यांच्याकडून तुकड्या-तुकड्यानं कळलं. आबांच्या मनात बसलं की संकट कधीही येतं, एक रुपया हलवायचा नाही. काकींच्या मनात आलं, जपून ठेवून काय मिळालं, नेसले असते तर निदान नेसल्याचं तरी राहिलं असतं. आणि पोरानं ठरवलं की आईला परत ओल्या भिंतीच्या घरात रिकाम्या हातानं बसू द्यायचं नाही. त्यानं फ्रिज, वॉशिंग मशीन आणि पलंग हप्त्यावर आणला. चांगल्या मनानं आणला. पुढच्याच वर्षी लॉकडाऊन लागला, पगार निम्मा, हप्ते चालूच, मग एक क्रेडिट कार्ड काढलं, ते भरायला दुसरं. घरात कुणालाच माहीत नव्हतं. बायकोला पण.

पहिल्या कार्डवर ६८ हजार, दुसऱ्यावर ४१ हजार. तो दर महिन्याला न चुकता "मिनिमम ड्यू", म्हणजे बिलातली कमीत कमी भरावी लागणारी रक्कम, भरत होता आणि त्याला वाटत होतं की आपण फेडतोय. मी त्याच्याच स्टेटमेंटवर पेन्सिलीनं मांडून दाखवलं. ६८ हजारावर महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे व्याज २,३८०, त्यावर १८ टक्के जीएसटी ४२८, झाले २,८०८. हा भरतो पाच टक्के, ३,४००. म्हणजे मूळ रकमेतनं कमी झाले फक्त ५९२ रुपये. आणि मागची बाकी राहिली असेल तर नव्या खरेदीला ते पन्नास दिवस बिनव्याजी वगैरे काही मिळत नाही, घेतल्या दिवसापासून व्याज चालू होतं, हे त्याला माहीतच नव्हतं. बऱ्याच शिकलेल्या लोकांना माहीत नसतं. दोन्ही कार्डांचं मागच्या सहा महिन्यांचं नुसतं व्याज आणि जीएसटी काढला तर २४ हजारांच्या आसपास गेलेले.

आबा दारात बसून खोकी मोजत होते. व्याज खोक्यातनं येत नाही, कुरिअरवाला बेल वाजवत नाही, त्यामुळं रजिस्टरात त्याची ओळच नव्हती.

घरी सांगायला तो तयार नव्हता. "आबा म्हणतील कर्ज काढून सण केलास." तीन बैठका गेल्या त्याच्यावर. शेवटी त्यानं माझ्या खोलीत, सगळ्यांच्या समोर सांगितलं. मला वाटलं होतं आबा उठून जातील. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "फ्रिज घ्यायच्या वेळी मला विचारलं असतंस तर माझ्याकडं होते की रे." आणि मुलगा म्हणाला, "तुमच्याकडं किती आहेत हे आम्हाला कधी माहीत होतं आबा?"

मला वाटतं हे घर तिथनं सुधारायला लागलं. काटकसरी माणसाच्या घरात पैसा किती आहे हे कुणाला माहीत नाही आणि खर्चिक माणसाच्या घरात कर्ज किती आहे हे कुणाला माहीत नाही, आणि दोघं एकाच छपराखाली राहतात.

पुढं काय केलं ते थोडक्यात. मी पैशाची सल्लागार नाही म्हणून त्यांना बँकेत पाठवलं, आबांच्या ठेवीवर कर्ज काढलं, ठेवीपेक्षा एक-दोन टक्केच जास्त व्याज पडतं, त्यात दोन्ही कार्डं भरून एक बंद करून टाकलं, आणि त्या कर्जाचा हप्ता मुलगा त्याच्या पगारातनं भरतो. आबांनी परस्पर फेडून टाकायचं ठरवलं होतं, ते मी करू दिलं नाही, कारण मग उपकार झाला असता आणि तो आयुष्यभर ऐकवला गेला असता. सुनेनं ॲपमधनं सेव्ह केलेलं कार्ड काढलं, नोटिफिकेशन बंद केली, आणि रात्री जे आवडेल ते कार्टमध्ये टाकून रविवारपर्यंत ठेवायचं असं ठरलं. रविवारी तिचं तिलाच यातलं निम्मं नको वाटायचं. तिच्या स्वतःच्या खर्चाला महिन्याला दीड हजार बाजूला ठेवले, त्याचा हिशोब कुणी विचारायचा नाही. रात्रीची भांडी नवऱ्यानं घासायची हेही ठरलं, कारण ती खरेदी नुसती हौस नव्हती, तो थकवा पण होता. आबांनी दारातनं उठायचं, पण रजिस्टर बंद करायचं नाही असं मी मुद्दाम सांगितलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी चौघांनी बसायचं आणि आवक, हप्ते, व्याज, दळण, औषधं सगळं त्यातच लिहायचं, ठेवी पण.

सगळं सुरळीत झालं असं नाही. दिवाळीत सूनबाईंचा एकदा तोल गेला, आबा अजूनही टोमणा मारतात, मुलानं एकदा परत लपवून मोबाईल हप्त्यावर घेतला आणि पकडला गेला. पण आता पकडलं जातं एवढं तरी झालं.

ज्यांनी मला हा प्रश्न विचारलाय त्या सगळ्या आबांना माझी एवढीच विनंती आहे, "आमच्या काळी" हे दोन शब्द सहा महिने बंद करून बघा. त्याऐवजी पोरांना शेजारी बसवून तुमच्याकडं काय आहे ते सांगा आणि त्यांच्याकडं काय थकलंय ते विचारा, न ओरडता. कॉलर उलटी कशी करायची ते शिकवा की, नक्की शिकवा, नातीला आवडतं असलं. आणि सुनांनो, सासऱ्यांच्या दुष्काळाच्या गोष्टीत पैशापेक्षा भीती जास्त असते, एकदा पूर्ण ऐकून घ्या.

चष्म्याचं राहिलं. तो विषय मीच काढला होता, चौघं बसलेले असताना. घरात सहा महिन्यांत १११ पार्सलं आली, एकात पण चष्मा नव्हता, आणि रजिस्टर लिहिणाऱ्याच्या पण ते डोळ्यासमोर असून दिसलं नाही. काकी लगेच म्हणाल्या, "चालतंय की अजून, दोऱ्यानं घट्ट बसतंय." सून त्यांना दुकानात घेऊन गेली तर दुकानदार म्हणाला नंबर बसत नाही, आधी डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एक चांगलाच पिकलेला. मिरजेत ऑपरेशन झालं, एका डोळ्याचं आधी आणि दीड महिन्यानं दुसऱ्याचं.

त्यानंतर ते चौघं मला भेटायला आले होते, नात पण होती. काकींनी नवा चष्मा पदरानं पुसून घातला आणि आबांच्या पिशवीतनं रजिस्टर स्वतः काढलं. मागनं पुढं, एकेक पान, ओळीवर बोट ठेवून वाचत होत्या, आम्ही सगळे गप्प. जानेवारीच्या पानावर थांबल्या.

"इथं दळणाचं दोनदा धरलंय," म्हणाल्या, आणि आबांच्या खिशातलं पेन काढून घेतलं.